जॉर्जियातल्या सप्टेंबरची शिकार: आधी बर्फ भरा, मग मचाणावर चढा

आधीच क्लिअर करतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे, जॉर्जियातलं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर चितळ-सांबराच्या नादी लागलात तर थेट आत, तेव्हा हे वाचून गावाकडच्या कुणाला आयडिया देऊ नका. इकडे मात्र व्हाइटटेल हरणं एवढी झालीत की एका माणसाला सीझनला १२ पर्यंत परवानगी आहे, त्यातली शिंगवाली फक्त २.

धनुष्यबाणाचा सीझन सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी उघडतो आणि तेव्हा अटलांटाच्या आसपास दुपारी ८८-९० फॅरेनहाइट, म्हणजे आपले ३१-३२, वर दमट हवा, अगदी ऑक्टोबर हीटमधलं ठाणे समजा. शेजारी साउथ कॅरोलिनात तर समुद्राकडच्या लोकंट्रीत खासगी जमिनीवर १५ ऑगस्टलाच सुरू होतं, आपण झेंडावंदनाचे फोटो फॉरवर्ड करत असतो तेव्हा ती मंडळी झाडावर घाम पुसत बसलेली असतात.

लायसन्सचं पटकन सांगतो. १ जानेवारी १९६१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळ्यांनाच. सरकारी जंगलात, ज्याला डब्ल्यूएमए म्हणतात, तिथल्या तारखा वेगळ्या असतात, त्या बघूनच जा.

आता बर्फ. नवीन माणूस येतो तो महिनाभर बो कोणता, बाण कोणता हेच विचारत बसतो आणि कूलर कुठंय विचारलं की गप्प. थंडीत हरीण रात्रभर टांगून ठेवलं तरी चालतं, सप्टेंबरात नाही चालत. मटण ४० फॅरेनहाइटच्या, म्हणजे साधारण ४ सेल्सियसच्या खाली जितकं लवकर जाईल तितकं बरं. मी दोन मोठे कूलर नेतो, त्यात १० पौंडाच्या सहा-सात बर्फाच्या पिशव्या आणि शिवाय दुधाचे रिकामे गॅलनचे कॅन पाणी भरून आठवडाभर आधी फ्रीझरमध्ये गोठवलेले. हे कॅन लई भारी काम करतात कारण वितळले तरी पाणी आतच राहतं, मटण भिजत नाही. फ्रीझरमध्ये जागा करण्यावरून घरी जे काय ऐकावं लागतं ते तुमचं तुम्ही बघा.

बसायचं कुठं? या दिवसांत हरणं आळशी असतात, अंगावर हिवाळ्याचे केस यायला लागलेले आणि बाहेर हा उकाडा, त्यामुळे दिवसभर ओढ्याकाठच्या गच्च सावलीत पडून राहतात आणि सूर्य कलल्यावर खायला निघतात. तेव्हा माझं मत विचाराल तर पहाटेची झोप मोडू नका, संध्याकाळ धरा. पहाटे अंधारात आपण चालत जातो तेव्हा ती अजून खाण्याच्या जागेवरच असतात आणि आपणच त्यांना उधळून लावतो. व्हाइट ओकची फळं पडायला लागली असतील तर त्या झाडाखाली, नाहीतर पर्सिमनच्या झाडाजवळ, नाहीतर पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर मचाण लावा. वर चढताना हार्नेस, म्हणजे झाडाला अडकवायचा सुरक्षा पट्टा, पहिल्या पायरीपासून, घामाने हात निसटतो हे लक्षात ठेवा.

वाऱ्याचं बघताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. ऊन असेपर्यंत गरम हवा उताराने वर चढते आणि सूर्य खाली गेला की थंड होऊन ओढ्याकडे उतरायला लागते. म्हणजे ५ वाजता तुमचा वास वर जात होता तोच ७ वाजता खाली, जिथून हरीण येणार नेमका तिथे. मी खिशात टाल्कम पावडरची छोटी डबी ठेवतो, चिमूटभर सोडली की कुठं जाते ते दिसतं. आणि घाम कमी काढायचा तर एकच उपाय, कासवासारखं चाला, शर्ट पिशवीत ठेवा आणि मचाणाखाली पोचल्यावर घाला. महागडे वासाचे स्प्रे घेऊन धावतपळत जाण्यापेक्षा हे स्वस्त.

गोचिडींना हलक्यात घेऊ नका. इथे लोन स्टार नावाची गोचीड आहे, पाठीवर पांढरा ठिपका असलेली, ती चावल्यावर काही जणांना मटणाची ॲलर्जी होते, म्हणजे ज्याच्यासाठी जंगलात गेलो तेच बंद! कपड्यांवर ०.५ टक्क्याचं परमेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून पूर्ण वाळवा, अंगावर नाही लावायचं, आणि घरात मांजर असेल तर ओलं असेपर्यंत लांब ठेवा. पँट मोज्यात खोचा, दिसतं वेडपट पण दिसू दे. वाटेवर कॉपरहेड साप पाल्यात बेमालूम पडलेला असतो, तेव्हा येताना टॉर्च हवाच.

बाण सोडताना लोभ नको. झाडं अजून हिरवीगार असतात, मधे एखादी काटकी आली की बाण भलतीकडे. २० यार्डांच्या आत, हरीण आडवं किंवा थोडं पाठमोरं उभं असेल तरच. पोटात बाण बसला तर एरवी सहा-आठ तास थांबून मग शोधतात, इथे थांबलात तर मटण जातं आणि लगेच मागे लागलात तर हरीण जातं. अशी वेळच येऊ द्यायची नाही. छातीत नीट बसला असेल तर अर्धा तास थांबा आणि मग निघा.

सापडलं की हलवण्याआधी हार्वेस्ट रेकॉर्ड, म्हणजे शिकारीची नोंद, भरा, गेम चेक या सरकारी नोंदणीला कळवायला २४ तास असतात. फोटो एक-दोन पुरे. लगेच आतडी काढा, मूत्राशय फुटू देऊ नका, बरगड्यांत काठी अडकवून पोट उघडं ठेवा. मग कातडी, कारण ती स्वेटरसारखी उष्णता धरून ठेवते. दुसऱ्या वर्षी मी मागचे पाय अख्खेच्या अख्खे बर्फावर ठेवले होते, वरून एकदम गार, आणि दुसऱ्या दिवशी कापले तर हाडापाशी आंबूस वास! दोन्ही पाय फेकले. उष्णता हाडाजवळ सगळ्यात शेवटपर्यंत राहते, तेव्हापासून मी हाडाच्या बाजूने चीर देऊनच ठेवतो. कूलर थोडा तिरका, खालचं बूच उघडं, रोज सकाळ-संध्याकाळ नवीन बर्फ, असे तीन दिवस.

२०२५ च्या जानेवारीत लॅनियर काउंटीत सीडब्ल्यूडी हा हरणांचा रोग जॉर्जियात पहिल्यांदा सापडला, त्यामुळे डोकं-मणका गाडीत घालून इकडेतिकडे फिरू नका, नियम आधी वाचा.

२०२४ ला गणपती बसलेले असतानाच सीझन उघडला होता. बायकोने सांगितलं, विसर्जन होईपर्यंत त्यातलं काही उंबऱ्याच्या आत येणार नाही. कूलर तीन दिवस गॅरेजमध्ये होता, मी मोदक खाऊन उठायचो आणि बर्फाचं पाणी काढायला जायचो.