नाराची तयारी: मोजे, दुर्बीण आणि सुट्टी नाणी

यादीत सगळ्यात वर लिहा: हॉटेल, आणि तेही नारातच. भारतातून येणाऱ्या सहलींत जपानमधलं हे नारा शहर बहुतेक वेळा क्योतोच्या मुक्कामातच अर्ध्या दिवसात उरकतात. बस थांबते, हरणांना बिस्किटं, मोठा बुद्ध, फोटो, परत बस. मी ओसाकात राहते आणि आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना एकच गळ घालते, की बाबांनो, एक रात्र नारात काढा. खरी गर्दी असते सकाळी दहा ते दुपारी चार. तोदाइजीचं, म्हणजे या मोठ्या बुद्धाचं, मंदिर मात्र एप्रिल ते ऑक्टोबर साडेसातला आणि थंडीत आठला उघडतं. त्या पहिल्या तासात तिथे शाळेच्या सहली नसतात, झेंडीवाले गाइड नसतात. मुक्काम नारात असेल तर चालत जाऊन हा तास गाठता येतो. क्योतोहून पहाटे उठून येऊ असं सगळेच म्हणतात, येत कुणीच नाही.

मग तारखा. सोमवार शक्यतो टाळा, कारण नारा राष्ट्रीय संग्रहालय साधारणपणे सोमवारी बंद असतं. जून ते जुलैचा मध्य पावसाचा. ऑगस्टमधला दमट उकाडा मुंबईकरालाही नकोसा होईल. मे-जूनमध्ये हरिणींना पाडसं झालेली असतात आणि त्या अंगावर येतात. शरद ऋतूत नर माजावर असतात. त्यामुळे लहान मुलं बरोबर असतील तर हेही लक्षात घ्या. एक ते चौदा मार्च या काळात तोदाइजीतल्या निगात्सुदो या दालनाच्या सज्जातून रोज रात्री मोठमोठ्या पेटत्या मशाली फिरवतात. हा विधी ७५२ पासून अखंड चालू आहे. बारा तारखेच्या मशाली सर्वांत मोठ्या आणि गर्दीही तशीच, म्हणून मी सुरुवातीचा एखादा दिवस सुचवीन.

ऑक्टोबरच्या अखेरीस येणार असाल तर तयारी वेगळी. संग्रहालयात तेव्हा जेमतेम दोन-अडीच आठवडे शोसोइन या तोदाइजीच्या जुन्या कोठारातल्या खजिन्याचं प्रदर्शन भरतं. सम्राट शोमु ७५६ मध्ये वारले. त्यांच्या मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी सम्राज्ञी कोम्यो यांनी त्यांच्या वस्तू तोदाइजीला अर्पण केल्या. तिथून हा संग्रह सुरू झाला आणि तो लाकडी कोठारात हजारावर वर्षं टिकला. वस्तू सुमारे नऊ हजार, त्यातल्या साठेक दरवर्षी बाहेर येतात आणि एकदा मांडलेली वस्तू सहसा पुढची अनेक वर्षं परत दिसत नाही. तिकीट दिवस आणि वेळ ठरवून आगाऊच काढावं लागतं. दारात जाऊन ‘दोन द्या’ म्हणायची सोय नाही.

रेल्वेचं एकच सांगते: नारात स्टेशनं दोन. किंतेत्सु कंपनीचं स्टेशन बागेला चिकटून आहे. बाहेर पडल्यावर पाच मिनिटांत कोफुकुजी हे बौद्ध मंदिर. जेआरचं, म्हणजे जपान रेल्वेचं, स्टेशन त्याहून पंधरा-वीस मिनिटं चालीवर. जेआर पास किंतेत्सुला चालत नाही, तरी वेगळे पैसे मोजून किंतेत्सुनेच यावं असं माझं मत. मोठ्या बॅगा हॉटेलवर आधीच ठेवता येतात.

आता हातातली पिशवी. ती पाठीवरची आणि चेनची हवी, उघड्या तोंडाची झोळी अजिबात नको. नाराच्या बागेत हजाराहून जास्त हरणं मोकळी हिंडतात. इथल्या कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी आख्यायिका असल्याने त्यांना पूर्वापार अभय आहे. पण ती पाळीव नाहीत, आणि त्यांना कागद फार आवडतो. नकाशा, तिकीट, खिशातून डोकावणारी बोर्डिंग पासची प्रिंट, सगळं चालतं त्यांना. प्लास्टिकही गिळतात, आणि २०१९ मध्ये मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे निघाले होते. म्हणून खाऊच्या पिशव्या आत बंद ठेवा आणि त्यांच्यासाठी विकतात तीच बिस्किटं द्या. बिस्किटं हातात आली की नमस्कार करायला लावत, चिडवत बसू नका, पटापट देऊन टाका. संपली की दोन्ही रिकामे तळवे दाखवा, त्यांना कळतं. तोदाइजीच्या नान्दाइमोन दरवाजाजवळची हरणं सर्वांत निर्ढावलेली. तिथे बिस्किटं घेण्यापेक्षा वर पाहा: दोन्ही बाजूंना आठ मीटरहून उंच लाकडी द्वारपाल आहेत, शिल्पकार उन्केइ, काइकेइ आणि त्यांच्या कारागिरांनी १२०३ मध्ये अवघ्या ६९ दिवसांत उभे केलेले.

मोजे. हसू नका, देवळांच्या गावात भोक पडलेला मोजा फार लाज आणतो. बुद्धमंदिरात बूट काढावे लागत नाहीत, पण गांगोजी मंदिरात किंवा नारामाची या जुन्या वस्तीतल्या घरांत काढावे लागतात. बूट असे घाला की बसून नाडी सोडावी लागणार नाही. दिवसाला आठ-दहा किलोमीटर चाल सहज होते, तीही बरीचशी खडीवरून, त्यामुळे सॅंडल मुद्दाम नको म्हणते. थंडीत लाकडी मंदिरं आतून बाहेरच्यापेक्षा गार वाटतात. पायात जाड मोजे आणि खांद्यावर शाल हवीच.

हातरुमाल दोन घ्या, कारण सार्वजनिक स्वच्छतागृहात हात पुसायला बरेचदा काही नसतं. कचरा भरायला एक पिशवी घ्या, रस्त्यावर कचरापेटी शोधून सापडत नाही आणि बागेतही क्वचितच. प्रवेशशुल्क प्रत्येक ठिकाणी वेगळं, दानपेटीत नाणी लागतात, आणि देवळाची मोहोर नि सुंदर कॅलिग्राफी वहीत घ्यायची तर तेही रोखीतच. तेव्हा हजार येनच्या नोटा आणि शंभराची नाणी वेगळ्या पाकिटात ठेवा. ती घडीची वही मात्र इथूनच विकत घ्या. घरची साधी डायरी पुढे केली तर बरीच देवळं नम्रपणे नाही म्हणतात.

आणि दुर्बीण. ही माझी हट्टाची वस्तू. छोटी, जवळचं दिसणारी, नाटकाला नेतात तशी. मूर्ती अंधाऱ्या गाभाऱ्यात, कठड्यापासून लांब असतात. नुसत्या डोळ्यांनी ‘छान आहे’ एवढंच दिसतं. मोठ्या बुद्धाच्याच बाबतीत घ्या. सुमारे पंधरा मीटरची ब्राँझची मूर्ती, ते सगळेच पाहतात. पण ती ज्या कमळावर बसली आहे त्याच्या काही पाकळ्या मूळच्या, आठव्या शतकातल्या आहेत. त्यांवर बारीक रेषांनी बुद्ध आणि लोकांचे थर कोरलेले आहेत. आगीत डोकं गेलं, हात गेले, पुन्हा ओतले. मंदिर ११८० आणि १५६७ मध्ये जळलं, आत्ताचं १७०९ चं आणि मूळच्याहून रुंदीला एक तृतीयांश कमी. त्या पाकळ्या मात्र राहिल्या. दुर्बीण असेल तरच त्या रेषा डोळ्यांत भरतात. बाहेर, मंदिराकडे तोंड करून उभं राहिलं की दाराच्या उजव्या हाताला, पिंडोल भारद्वाजांची लाकडी मूर्ती आहे, जपानी लोक तिला बिन्झुरू म्हणतात. जे दुखतं तो त्यांचा अवयव चोळायचा, मग आपला. गुडघे गुळगुळीत झालेत.

खाण्याची तयारी शाकाहारी मंडळींनी घरूनच करावी. भाजीच्या सूपातही सुक्या माशाचा अर्क असतो आणि वाढणाऱ्याला तो मांसाहार वाटतच नाही. ‘मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही’ हे वाक्य जपानीत लिहवून फोनमध्ये ठेवा. नाराझुके नावाचं प्रसिद्ध लोणचं दारूच्या गाळात मुरवलेलं असतं, हे दारू वर्ज्य असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. काकिनोहाझुशी, म्हणजे तेंदूच्या कुळातल्या काकीच्या पानात गुंडाळलेला भात, तोही माशाचाच. मासे खाणाऱ्यांनी तो चुकवू नये. उरलं काय? इथला जुना नाश्ता चागायु: भाजलेल्या चहाच्या पाण्यात शिजवलेला तांदूळ, आपल्या पेजेसारखा. तो मागवा आणि बरोबर आणलेल्या पुडीतलं मेतकूट वर भुरभुरा. जपानी यजमानासमोर करावं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, मी करते. दशम्या, खाकरे, पाकीटबंद चटण्या आणा. ताजी फळं नि मांसाचा कुठलाही पदार्थ मात्र सामानात नको.

पिशवी झाली. आता एक कागद, हाताने लिहिलेला. त्यावर ही नावं उतरवून घ्या: बोन्तेन म्हणजे ब्रह्मा, ताइशाकुतेन म्हणजे इंद्र, बेन्झाइतेन सरस्वती, किचिजोतेन लक्ष्मी, बिशामोनतेन वैश्रवण कुबेर, एम्मा यम, कारुरा गरुड, आशुरा असुर. पाट्यांवर इंग्रजी अक्षरांत फक्त जपानी नाव असतं आणि परदेशी प्रवासी ‘आणखी एक मूर्ती’ म्हणून पुढे जातात. आपण इंद्रासमोरून त्याला न ओळखता जाणं बरं नव्हे. नकाशावर स्वस्तिक दिसलं की ते बौद्ध मंदिर, हे मात्र कुणी समजावायला नको.

याच कागदावर ठळक अक्षरांत आशुरा लिहा, कोफुकुजीचं राष्ट्रीय ठेव्यांचं दालन. ७३४ ची मूर्ती, उंची दीड मीटरच्या किंचित वर, तीन तोंडं, सहा हात. असुर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मिशाळ, विक्राळ कोणी येतो. इथे उभा आहे सडपातळ पोरगा. हात काडीसारखे, त्यातले दोन छातीशी जोडलेले. बाजूच्या एका तोंडानं खालचा ओठ दातांत धरलाय. समोरच्या चेहऱ्यावर भुवया मधोमध जराशा ओढल्या गेल्यात, राग आहे की पश्चात्ताप ते ठरवता येत नाही. मातीच्या गाभ्यावर लाखेत भिजवलेल्या तागाच्या कापडाचे थर देऊन, वाळल्यावर माती काढून ही घडवली; आतून पोकळ, म्हणून वजनाला हलकी. मंदिराला आगी लागल्या तेव्हा अशा मूर्ती उचलून पळता आलं. या दालनात फोटो काढता येत नाहीत, ते एका परीनं बरंच. पंधरा मिनिटं याच्यासाठी राखून ठेवा. शेजारचा पाच मजली पॅगोडा मात्र मोठ्या दुरुस्तीसाठी झाकलेला आहे आणि ते काम अजून बरीच वर्षं चालेल. पोस्टकार्डातला देखावा मिळणार नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणखी एक नाव: बोधिसेन. भारतातून चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोचलेला भिक्षू. ७५२ मध्ये मोठ्या बुद्धाचे डोळे रेखायचा मान त्याला मिळाला. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्यात सगळ्यांचा हात लागला. आपल्याकडे गणपतीची आखणी शेवटी होते ते आठवून पाहा. तो कुंचला आणि ती निळी दोरी शोसोइनमध्ये अजून आहे.

रीतीभाती फार नाहीत. बौद्ध मंदिरात हात जोडा, टाळ्या वाजवू नका. कासुगा ताइशा हे शिंतो देवस्थान, तिथे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकायचं. कासुगाच्या वाटेवर नि देवळात मिळून सुमारे तीन हजार दिवे आहेत, दगडी आणि ब्राँझचे. ते सगळे पेटतात ते फक्त फेब्रुवारीतल्या सेत्सुबुन या ऋतुबदलाच्या सणाला आणि १४-१५ ऑगस्टला. आईवडील बरोबर असतील तर इथवर शहरफेरीची बस घ्या, खडीची चढण त्यांना जड जाते.

दुसरा दिवस होर्युजी या जुन्या बौद्ध मंदिराला द्या. जेआरने दहा-बारा मिनिटं, उतरून वीस मिनिटं चाल किंवा बस. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी काही इथे आहेत. मुख्य दालनाच्या भिंतींवर बोधिसत्त्वांची चित्रं होती, त्यांची तुलना नेहमी अजिंठ्याशी करतात. २६ जानेवारी १९४९ ला, चित्रांच्या नकला काढण्याचं काम चालू असतानाच, आग लागली आणि ती करपली. आज भिंतीवर दिसतात त्या १९६० च्या दशकातल्या प्रतिकृती. तेव्हा यादीतलं शेवटचं काम महाराष्ट्रातच उरकायचं आहे. निघण्यापूर्वी एकदा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणि नीट पाहून या, आणि जाताना वार बघा, सोमवारी तेही बंद असतं.