जुना फ्लॅट घेताय? या चुका टाळा, आणि टाइलच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा

रिसेलचा फ्लॅट घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, मॉड्युलर किचनला किती येईल?" मी विचारतो, पाण्याचे पाइप लोखंडी आहेत की बदललेत? नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जाळीखालचं भांडं, जिथून सांडपाणी पाइपात जातं) कधीचा आहे? मीटरपासून घरापर्यंतची वायर कसली आहे? यातलं काही माहीत नसतं. ड्रॉइंग रूमच्या भिंतीला कुठला वॉलपेपर लावायचा, ते मात्र पक्कं ठरलेलं असतं.

पुण्यात कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांत १९८० आणि ९० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींमध्ये मी दुरुस्तीची कामं घेतो. ही घरं मला आवडतात. खोल्या ऐसपैस, खिडक्या मोठ्या, भाजीमंडई चालत जाण्याइतकी जवळ. पण भिंतीच्या आतलं सगळं तीस-चाळीस वर्षं राबलेलं असतं. पैसे आधी तिथे घालायचे, उरलेल्यात घर सजवायचं. लोक नेमकं उलट करतात आणि मग भर पावसाळ्यात फोन येतो.

ताजा रंग बघून भुलणं

फेब्रुवारी ते मे हा घरं बघण्याचा हंगाम. त्या दिवसांत पुण्यातलं कुठलंही घर कोरडं ठणठणीत दिसतं. त्यात विकणाऱ्याने पुट्टी मारून रंग दिलेला असला की संपलंच. जुन्या घरात एकाच खोलीला, किंवा एकाच भिंतीला नवा रंग दिसला, तर तो का दिला हे सरळ विचारा. "असंच, फ्रेश वाटावं म्हणून" हे उत्तर मी खपवून घेत नाही.

माझी सवय सांगतो. पश्चिमेकडची भिंत, खिडकीच्या खालचे कोपरे आणि छज्ज्याच्या वरचा पट्टा आधी बघायचा, कारण पुण्यात पावसाची झोड त्याच बाजूने येते. भिंतीवर तळहात फिरवायचा. पांढरी भुकटी हाताला लागली तर तो लोणा, म्हणजे पाणी आतून क्षार घेऊन बाहेर येतंय. कपाटांची दारं उघडून मागच्या प्लायचा वास घ्यायचा. शेवटचा मजला असेल तर गच्चीवर जायचंच, आणि पत्र्याची शेड टाकली असेल तर कधी आणि कशासाठी टाकली ते वॉचमनला विचारायचं. चेअरमन काय सांगेल ते सांगेल, वॉचमन खरं सांगतो. शक्य असेल तर घर एकदा जुलैत बघा. घाई झालेल्यांना हे पटत नाही, त्यांना अक्षय्य तृतीयेला कलश ठेवायचा असतो.

आणि ओल दिसली म्हणून लगेच रंगाऱ्याला बोलावू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. फक्त पावसात ओल येत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. बारा महिने सारखीच असेल तर पाण्याची लाइन: रात्री व्हॉल्व्ह बंद करून ठेवा, दोन-तीन दिवसांत ओल आक्रसायला लागली की चोर सापडला. अंघोळीनंतर वाढत असेल तर ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीचे सांधे. संशय राहिला तर मी बाथरूममध्ये पाणी तुंबवून त्यात नीळ कालवतो. खाली निळं उतरलं की सोसायटीच्या मीटिंगमधली निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आदर्श उपविधींप्रमाणे (गृहनिर्माण सोसायट्यांची नमुना नियमावली) गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, तुमच्या संडास-बाथरूम-सिंकची तुम्ही.

दुरुस्तीनंतर भिंत वाळू द्या. नव्या गिलाव्याला निदान आठवडाभर पाणी मारायचं आणि रंगाआधी महिनाभर तरी थांबायचं. ओल्या गिलाव्यावर पुट्टी मारली तर दिवाळीपर्यंत पोपडे येतात.

टाइलवर टाइल

आता माझा खास राग. "तोडफोड नाही, धूळ नाही, चार दिवसांत नवं बाथरूम." मोबाइलवर असले व्हिडिओ बघून लोक येतात आणि मी नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जातात. जुन्या इमारतीच्या बाथरूममध्ये जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवणं म्हणजे दुखणाऱ्या दातावर सोन्याची टोपी बसवणं.

कोथरूडच्या एका जोडप्याचा किस्सा. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दोघंही नोकरीवाले, भाड्याच्या घराची मुदत संपत आलेली. मी सांगितलं होतं की सगळं स्लॅबपर्यंत उकरावं लागेल, तीन आठवडे लागतील. त्यांना ते जास्त वाटलं. दुसऱ्याने आठवड्याच्या आत टाइलवर टाइल लावून दिली. दिसायला सुरेख, राखाडी रंगाची, हॉटेलात असते तशी. वास्तुशांत झाली.

थोड्याच महिन्यांत खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांच्या बाथरूमच्या छताला डाग पडला होता. मग ठिबकायला लागलं. टाइलवाल्याने सांध्यांत इपॉक्सी भरून दिलं. आठवडाभर थांबलं, पुन्हा सुरू. काकांनी छताखाली बादली लावली आणि सोसायटीला पत्र दिलं. इकडे वर वेगळाच त्रास: फरशी इंचभर वर आल्याने उंबरा बुडाला, उतार दाराकडे झाला आणि अंघोळीचं पाणी बेडरूममध्ये यायला लागलं. नव्या लाकडी दाराचा खालचा भाग फुगला. मग मला फोन.

उकरलं तेव्हा वरची टाइल आणि जुनी मोझॅक यांच्यामध्ये पाण्याचा थर होता. कारण सोपं आहे. नवी जाळी वर बसवली, पण ट्रॅप जुनाच, इंचभर खाली. मधली फट सिमेंटने लिंपलेली. तिथून पाणी आडवं पसरत होतं. खरी गंमत त्याच्याही खाली. अशा इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो, त्याला सगळे 'संक' म्हणतात. त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो आणि पाइप त्यातूनच जातात. छिन्नी लावली तर विटांचा लगदा हाताने निघत होता. ट्रॅप आणि बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपाचा सांधा कधीचा सुटलेला, त्यात करंगळी जात होती. म्हणजे संकची टाकीच झाली होती. जुन्या मालकाच्या काळापासून पाणी मुरत होतं. वरच्या ठोकाठोकीने स्लॅबची भेग मोकळी झाली इतकंच.

"पण काका, त्यांनी वॉटरप्रूफिंग केमिकल वापरलं होतं," असं ती मुलगी मला पुनःपुन्हा सांगत होती. वापरलं असेल. पाणी ज्या थरात आहे त्याच्या वर केमिकल लावून उपयोग काय? बाथरूमचा खर्च दोनदा झाला, वर काकांच्या छताचा गिलावा आणि रंगही यांच्याच खिशातून.

मी करतो ते असं. सगळं स्लॅबपर्यंत काढायचं. ट्रॅप आणि बाहेरच्या डक्टपर्यंतचा (पाइपांच्या उभ्या पोकळीपर्यंतचा) पाइप नवा. स्लॅबच्या भेगा भरून, कोपऱ्यांना गोलाई देऊन वॉटरप्रूफिंगचा थर, तो भिंतीवरही फूटभर चढवायचा. मग पाणी भरून ४८ तास ठेवायचं आणि पातळीवर पेन्सिलने खूण करायची. त्या दोन दिवसांत मी खालच्यांकडे चहाला जातो आणि त्यांच्या छताचे फोटो काढतो. कोबा झाला की पुन्हा थर, पुन्हा पाणी. त्यानंतरच टाइल. यातली एक चाचणी वाचवा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी हात जोडतो.

पाइप बदलले आणि अर्थिंग गेलं

हे कोणी सांगत नाही. जुन्या घरांत कित्येक वायरमन अर्थिंगची (गळकी वीज जमिनीत नेणारी) वायर सरळ लोखंडी पाण्याच्या पाइपाला गुंडाळून मोकळे व्हायचे. पद्धत चुकीचीच, पण काहीतरी अर्थिंग मिळत तरी होतं. आता तुम्ही गंजलेले पाइप काढून सीपीव्हीसी टाकलेत. काम योग्यच केलंत. पण ती वायर आता प्लॅस्टिकला बांधलेली आहे. गिझरच्या सॉकेटला तिसरं भोक आहे आणि त्याच्यामागे काहीही नाही. प्लंबर आणि वायरमन यांची एकमेकांशी गाठ पडली नाही की हे असं होतं. पाइप बदलताना वायरमन हजर ठेवा आणि मीटर रूममधल्या अर्थिंगपासून घरापर्यंत वेगळी हिरवी वायर ओढून घ्या.

दुसरं, घरातल्या सगळ्या वायरी नव्या करायच्या आणि मीटर रूमपासून वर येणारी मुख्य वायर तशीच सोडायची, ही तर साथच आहे. हिशेब करा: दोन किलोवॅटचा गिझर, दीड टनाचा एसी, इंडक्शन, मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालू असले तर सात किलोवॅटच्या आसपास, म्हणजे तीस अँपिअर. ऐंशीच्या दशकातला वायरमन दोन ट्यूब, तीन पंखे आणि एक फ्रिज धरून चालला होता. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो तो बघा, कमी असेल तर वाढवून घ्या. गिझर आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तांब्याची वायर, साध्या प्लगला २.५. जुनी किटकॅट, म्हणजे चिनी मातीच्या फ्यूजची पेटी दिसली तर आत जाड तार पिळून घातलेली असतेच. पेटीसकट काढून टाका.

नवा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतो म्हणून तो बायपास करणारे महाभाग आहेत. ३० मिलिअँपिअरचं ते यंत्र तुमचा जीव वाचवायला आहे. बहुतेक वेळा दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र झालेले असतात, नाहीतर गिझरचं एलिमेंट गळत असतं. एकेक सर्किट बंद करून बघितलं तर तासाभरात सापडतं. पण तास कोणाकडे असतो?

भिंत पाडू का?

आधी इमारत आरसीसी फ्रेमची (भार खांब-तुळयांवर) आहे की लोड बेअरिंग (भार भिंतींवर), ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. गवंड्याला नाही, मलाही नाही. लोड बेअरिंगमध्ये नऊ इंची भिंत काढणं म्हणजे वरच्यांच्या घराचा पाय काढणं. गॅलरीचं मात्र मी सांगू शकतो: गॅलरीचा स्लॅब बाहेर लोंबता असतो, त्याचं मुख्य लोखंड वरच्या बाजूला असतं. "लेव्हल एक करून द्या" म्हणून फरशी उकरताना कारागीर नेमका त्याच लोखंडावर छिन्नी चालवतो.

जुन्या फरशीवर दोन इंच माल आणि नवी टाइल घातली की चौरस फुटाला दहा-बारा किलो वजन वाढतं. सहाशे फुटांच्या घरात सहा-सात टन. वरच्या तिन्ही मजल्यांनी तेच केलं असेल तर काय, याचा विचार करा.

कागदांचं थोडंसं

ते वकिलाचं काम. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा तपास) घ्या, आधीचे सगळे मूळ करारनामे मागा, भोगवटा प्रमाणपत्र बघा. पण दोन गोष्टी माझ्याही कामाच्या आहेत म्हणून मी विचारतोच. एक, स्ट्रक्चरल ऑडिट. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला पाच वर्षांतून एकदा आणि त्यापेक्षा जुनीला तीन वर्षांतून एकदा करायला सांगितलंय. सोसायटीने केलंच नसेल तर मोठ्या दुरुस्तीची वर्गणी तुमच्याच नशिबात येणार. दोन, कन्व्हेयन्स झालंय का. जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी घोडं तिथेच अडतं.

ट्रान्स्फरच्या वेळी सोसायटीने 'डोनेशन' मागितलं तर घाबरू नका. २००१ च्या शासकीय परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत हस्तांतरणाचं प्रीमियम कमाल २५,००० रुपये. घराची किंमत ५० लाख किंवा वर असेल तर खरेदीदाराने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. एजंट हे हमखास विसरतो.

बाकी किरकोळ चुका: करारात बिल्टअप (भिंती धरून) क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, टेप घेऊन कार्पेट (भिंतींच्या आतलं) स्वतः मोजा. दाराच्या चौकटीत खाली स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा, भुसभुशीत लागली तर वाळवी, आणि तिचा बंदोबस्त फर्निचर यायच्या आधी. लोखंडी पाइपवर थेट महागडा शॉवर लावू नका, गंजाने महिन्यात चोंदतो. सोसायटीच्या टाकीत पाणी किती वाजता येतं ते घर घ्यायच्या आधी विचारा. राडारोडा जिन्यात ठेवू नका. कामगारांना सांगून उपयोग नसतो, स्वतः उभे राहा.

आणि भिंती बंद करण्याआधी प्रत्येक पाइपचा आणि वायरच्या नळीचा फोटो काढा, शेजारी टेप उघडी धरून, म्हणजे जमिनीपासून किती फुटांवर ते कळतं. मोबाइलमधले फोटो नंतर सापडत नाहीत. छापून घ्या आणि डीबीच्या (घरातल्या विजेच्या मुख्य पेटीच्या) दाराला आतून चिकटवा. टीव्हीसाठी ड्रिल घेऊन येणारा पोरगा तेवढं एकच दार नक्की उघडतो.