चूक कुणाची हे ठरवण्याआधी काय करायचं

कुणी आपल्याशी वाईट वागलं की आपण दोन मिनिटांत निकाल देऊन मोकळे होतो, माणूस बेकार आहे, विषय संपला. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. आता काय करतो ते लिहितोय, कारण माझं मत असं झालंय की करुणा नसेल तर चूक नेमकी काय झाली हेच दिसत नाही, मग नीती-अनीतीच्या गप्पा मारून काय उपयोग.

आधी घडलं ते सांगतो. नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी होऊन फेलफूट, म्हणजे वेलीवरची नको असलेली फूट, काढायचं काम चालू होतं, सुरगाण्याकडची टोळी होती, मुकादमाने उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली, आणि अवकाळी पाऊस सुरू झाला त्याच रात्री सगळी टोळी न सांगता निघून गेली. इकडे डावणी या बुरशीच्या रोगाची भीती, फवारणीला माणूस नाही, फोन लागेना. मी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारातून दुसरे मजूर आणले आणि तिथे भेटेल त्या बागायतदाराला सांगत सुटलो की त्या टोळीला घेऊ नका, उचल बुडवणारे चोर आहेत.

पंधरा दिवसांनी त्यांच्या पाड्यावर गेलो तो पैसे वसूल करायलाच. अंगणात भात वाळत घातलेलं होतं, काळं पडलेलं, बऱ्याच दाण्यांना कोंब फुटलेले. कापलेलं भात खाचरात पडून होतं आणि वरून पाऊस, म्हणून रातोरात पळाले होते. ज्या पावसाने माझी झोप उडवली त्याच पावसाने त्यांची उडवली, फरक एवढाच की माझ्याकडे औषधं होती, ट्रॅक्टर होता, बाग वाचली, त्यांचं घरी खायचं भात गेलं.

तर पहिलं काम म्हणजे घडलेलं आणि आपण मारलेला शिक्का वेगळा करा. "टोळी न सांगता गेली" हे घडलेलं, "चोर आहेत" हा शिक्का. खरंच लिहून काढा, मोबाईलमध्ये लिहिलं तरी चालतं, आणि शिक्क्याचे शब्द खोडा. जे उरतं तेवढंच आपल्याला माहीत असतं आणि ते फार थोडं असतं.

मग त्याच माणसाला विचारा, त्याच्याबद्दल दुसऱ्याला नाही. "का केलंस" असं विचारलं की समोरचा लगेच बचाव करायला लागतो, त्यापेक्षा "काय झालं होतं त्या दिवशी" असं विचारा आणि गप्प बसा, मधे आपलं नुकसान सांगायला जाऊ नका.

ऐकून झालं की चूक परत मोजा. इथेच बहुतेक लोक घसरतात, मजबुरी होती ना मग जाऊ दे म्हणतात. तसं नाही. भात वाचवायला जाणं चूक नव्हतंच, पण न सांगता जाणं चूक होतं, ते मी मुकादमाला तोंडावर बोललो आणि त्याने मान्य केलं. उचलीची बाकी तशीच राहिली, काढणीला येऊन फेडायची ठरली. आणि एक चूक माझी निघाली जी आधी हिशोबातच नव्हती, माझ्या बोलण्यामुळे त्यांना दोन बागांवर काम नाकारलं होतं. मी परत गिरणाऱ्याला गेलो, ज्यांना ज्यांना बोललो होतो त्यांना शोधून सांगितलं की मी चुकीचं बोललो. जिथे नाव खराब केलं तिथेच जाऊन ते साफ करावं लागतं, घरी बसून वाईट वाटून घेण्याने काही होत नाही.

कीव आणि करुणा यात गल्लत करू नका. त्या अंगणात मी खिशातून पाचशेची नोट काढली होती, मुकादम म्हणाला, "भाऊ, ते उचलीत लिहा." मला एकदम कळलं की मी त्याला लहान करत होतो. आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्या ज्या बौद्ध धम्माच्या आहेत त्यात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा अशा चार भावना सांगितल्यात, आणि तिथे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नाही, मन समतोल ठेवणं. मला ती चौथी फार महत्त्वाची वाटते, कारण नुसता जीव कळवळला तर आपण पैसे देऊन मोकळे होतो आणि न्याय बाजूला राहतो.

अजून एक, आणि हे मी मनापासून सांगतो. समजून घे असं ज्याच्यावर अन्याय होतोय त्याला सांगायचं नसतं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांसारखी माणसं पुढे होती, लोक शांतपणे दारात उभे राहिले आणि लढा १९३५ पर्यंत चालला तरी दार उघडलं नाही. त्या लोकांना धीर धरा, समोरच्यांना समजून घ्या म्हणणं ही कसली करुणा? समजून घ्यायची पहिली जबाबदारी दार ज्याच्या ताब्यात आहे त्याची. बागेत उचलीची वही माझ्या हातात असते, म्हणून पहिला प्रश्न मीच विचारायला हवा होता.

आता टोळी ठरवतानाच मी विचारतो की तुमचं भात कधी कापायला येतं, आणि तो आठवडा फेलफूटच्या कामातून आधीच वगळून ठेवतो.