काफ्का प्रत्यक्ष वापरात आणण्यापूर्वी संदेशांच्या क्रमाची तयारी

काफ्का ही प्रोग्रामांमध्ये संदेश पोहोचवणारी प्रणाली. ती क्रमाची हमी देते ती एका पार्टिशनपुरती, म्हणजे टॉपिकच्या (एका विषयाच्या संदेशांच्या प्रवाहाच्या) एका भागापुरती. संपूर्ण टॉपिकसाठी अशी हमी नाही. त्यामुळे कोणत्या घटनांचा आपसातला क्रम खरोखर पाळायचा आहे, हे सर्वांत आधी लिहून काढावे. बँकेत एकाच खात्यातली जमा आणि त्यानंतरची उचल यांचा क्रम मोडून चालत नाही, दोन वेगळ्या खात्यांचा मोडला तरी बिघडत नाही. म्हणून संदेशाची ‘की’, म्हणजे ज्यावरून त्याचे पार्टिशन ठरते ती खूण, खाते क्रमांक हीच असावी. व्यवहार क्रमांक दिला, तर तो दर वेळी नवा असल्याने जमा एका पार्टिशनवर आणि उचल दुसऱ्यावर जाऊन पडू शकते.

पार्टिशनची संख्या सुरुवातीलाच सढळ हाताने ठरवावी. कीच्या हॅशला (कीपासून गणिताने काढलेल्या आकड्याला) या संख्येने भागून उरणारी बाकी हाच पार्टिशनचा क्रमांक असतो. समजा हॅश २५ आहे: १२ पार्टिशन असताना ते खाते पार्टिशन क्रमांक १ वर जात होते, १६ केल्यावर ते ९ वर जाईल, आणि १ वरचे जुने संदेश वाचायचे राहिलेले असतानाच ९ वरचे नवे वाचले जातील. संदेश पाठवणारे प्रोग्राम वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले असतील, तर सर्वांचा पार्टिशनर (पार्टिशन निवडणारा भाग) स्पष्टपणे एकच ठेवावा. जावा क्लायंट (काफ्काशी जोडणारी जावाची लायब्ररी) मर्मर-टू हॅश वापरतो, तर लिबआरडीकाफ्का ही इतर अनेक भाषांत वापरली जाणारी लायब्ररी मुळात सीआरसी-३२ हा वेगळा हॅश वापरते. एकच की दोन ठिकाणी जाते आणि चूक कुठेच नोंदली जात नाही.

प्रोड्यूसरवर (संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रामवर) आयडेम्पोटन्स (पुन्हा पाठवलेला संदेश दोनदा न नोंदवता क्रम राखणारी सोय) चालू असल्याची खात्री करावी. ३.० आवृत्तीपासून जावा क्लायंटमध्ये ते मुळातच चालू असते खरे, पण वेग वाढवण्यासाठी कोणी अ‍ॅक्स (संदेश नोंदल्याची किती पोच हवी ही सेटिंग) १ वर आणले आणि आयडेम्पोटन्स स्वतंत्रपणे नमूद केलेले नसले, तर ते गुपचूप बंद होते आणि पुन्हा पाठवलेला संदेश त्याच्यानंतरच्या संदेशाच्याही मागे पडू शकतो.

कन्झ्यूमरने (संदेश वाचणाऱ्या प्रोग्रामने) एकाच पार्टिशनचे संदेश अनेक थ्रेडना (प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांना) सरसकट वाटू नयेत. वाटायचेच असतील तर कीनुसार वाटावेत. फसलेला संदेश वेगळ्या रिट्राय टॉपिकवर (पुन्हा प्रयत्न करण्यासाठीच्या टॉपिकवर) टाकण्याची पद्धत सोयीची वाटते, परंतु त्या खात्याचे पुढचे संदेश थांबवले नाहीत, तर क्रम तिथेच मोडतो.

शेवटी चाचणीसाठी प्रत्येक खात्याच्या संदेशांना चढता क्रमांक द्यावा, भार चालू असताना एक कन्झ्यूमर मुद्दाम बंद पाडावा, आणि आधी न आलेला एखादा क्रमांक त्याच्याहून मोठ्या क्रमांकानंतर पोहोचतो का, हे पाहावे. आधीचेच संदेश पुन्हा आले, तर तो दोष समजू नये.