मृगाच्या पावसात बांधावर लावायची औषधी झाडे

मृगाचा पाऊस लागून जमीन पुरेशी ओलावली, की पेरणी आणि भाताच्या रोपवाटिकेच्या गडबडीत बांधाकडे पाहायला सवड होत नाही; परंतु छाट, म्हणजे फांदीचे वा वेलीचे तुकडे, लावण्यासाठी वर्षातला सर्वांत चांगला काळ हाच असतो. खोकल्याला अडुळसा, आखडलेल्या अंगाला निर्गुडीचा शेक आणि तापातून उठलेल्याला गुळवेलीचा काढा, ही औषधे आपल्या गावांत ओढ्याकाठी व कुंपणावर आयती मिळत असल्यामुळे कोणी मुद्दाम लावली नाहीत. आता यंत्राने बांध कोरले जातात, उरलेल्या पट्ट्यावर तणनाशक फवारले जाते, आणि गरजेच्या वेळी शोधायला गेले तर पान सापडत नाही. म्हणून यंदा प्रत्येक घराने निदान एका बांधावर ही झाडे लावावीत, असा आग्रहाचा सल्ला आहे.

सुरुवात गुळवेलीपासून करावी. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या जून वेलीचे तीन-चार डोळ्यांचे, वीतभर लांबीचे तुकडे घेऊन ते शक्यतो त्याच दिवशी कडुनिंबाच्या बुंध्यापासून हात-दीड हातावर लावावेत. निंबावर चढलेली गुळवेल गुणाला अधिक मानली जाते. आंबा-चिकूच्या लहान कलमांवर मात्र ती चढू देऊ नये. ती फांद्या झाकून टाकते. बेणे घेताना ओळख पक्की करावी. खऱ्या गुळवेलीचे पान हृदयाकृती व दोन्ही बाजूंनी गुळगुळीत असते, खोडावरची पातळ साल कागदासारखी सुटते, आणि आडवा काप घेतला की आत गाडीच्या चाकासारखे आरे दिसतात. पानामागे दाट लव असेल, किंवा खोडावर दाटीने गाठी असून चिरल्यावर दुधाळ चीक येत असेल, तर ती वेगळ्या जातीची वेल समजून सोडून द्यावी. हिची चिवट जीवनशक्ती पाहण्यासारखी आहे: बुडातून तोडलेली वेल झाडावर लोंबकळत राहिली, तरी दोऱ्यासारखी मुळे खाली सोडून पुन्हा जमीन गाठते. तोडणी पाने गळाल्यावर उन्हाळ्यात करावी आणि बुडाशी फूटभर खोड राखावे, म्हणजे पावसात ते पुन्हा फुटते.

अडुळसा व निर्गुडी यांचीही जून फांदीची छाटे सहज जगतात. अडुळशाला उग्र वास असल्यामुळे शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे औषधाबरोबर कुंपणही होते, आणि छाटलेला पाला भातखाचरात हिरवळीच्या खतासाठी कामाला येतो. निर्गुडीचा सावलीत वाळवलेला पाला धान्याच्या कणगीत घालण्याची जुनी पद्धत किडीपासून बचावासाठी आहे. न्हाणीचे पाणी मुरते अशी दलदलीची जागा असेल, तर तेथे वेखंडाचे गड्डे वीतभर अंतराने लावावेत.

शतावरीच्या बाबतीत एक हात राखून वागावे, कारण रानातून ती समूळ उपटली जाते आणि पुढच्या वर्षी त्या जागी काहीच उगवत नाही. खणताना मधला गड्डा व काही मुळ्या जागेवर ठेवून बाकीच्याच मुळ्या काढाव्यात, माती लोटून द्यावी. परसात लावलेली शतावरी साधारण दीड ते दोन वर्षांनी काढणीला येते. औषधासाठी साल लागणाऱ्या झाडाची साल बुंध्याभोवती गोल काढू नये, झाड वाळते.

विक्रीसाठी सफेद मुसळी किंवा अन्य औषधी पीक घेऊ इच्छिणाऱ्यांनी महागडे बेणे विकून ‘माल आम्हीच उचलू’ असे तोंडी सांगणाऱ्यांवर विसंबून एकरभर लागवड करू नये. आधी खरेदीदार, दर आणि लेखी करार, मग दोन-चार गुंठ्यांवर अनुभव, हाच क्रम ठेवावा.

वापराबाबतही तितकीच दक्षता हवी. गरोदर स्त्रियांनी अडुळसा घेऊ नये. यकृताचा आजार असलेल्यांनी किंवा मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुळवेल घेऊ नये. बाळगुटीतले वेखंड सहाणेवर एखादा वेढा उगाळून देण्याची आजीबाईंची रीत सर्वश्रुत असली, तरी तान्ह्या बाळाला ते पोटात देऊ नये, कारण वेखंडात विषारी अंश आढळतो. पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीचा कंद खाण्याच्या कंदासारखा वाटला, तरी तो जीवघेणा आहे, हे मुलांना प्रत्यक्ष झाड दाखवून सांगावे. आणि साप चावला तर कोणत्याही पाल्यात किंवा मुळीत वेळ न घालवता, चावलेला भाग हलू न देता रुग्णाला तडक प्रतिविष असलेल्या सरकारी दवाखान्यात न्यावे. त्यासाठी गाडी कोणाची, हे पाऊस वाढण्याआधी वाडीत ठरवून ठेवावे.