नव्या पंपांचं नियोजन सॉल्व्हरवर बसवलं: माझा अनुभव

आमच्या भोसरीच्या पंप कारखान्यात नव्या मॉडेलांचे 14 प्रस्ताव होते आणि डिझाइनला माणसं फक्त 5. बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याचं मॉडेल आधी. मग टेस्ट बेंचपाशी, म्हणजे पंप चालवून तपासायच्या जागी, सगळी एकदम तुंबायची. याचा मला मनापासून त्रास व्हायचा.

शेवटी एक्सेलमधला सॉल्व्हर घेतला, म्हणजे दिलेल्या अटी पाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणारं साधन. 14 मॉडेलं, 8 तिमाह्या, म्हणजे 112 सेल. सॉल्व्हर जास्तीत जास्त 200 सेल बदलू शकतो, त्यामुळे बसलं. सेलमध्ये 1 म्हणजे त्या तिमाहीत सुरू, 0 म्हणजे नाही. एका मॉडेलच्या ओळीची बेरीज 1 पेक्षा जास्त नको.

उत्तर आलं 0.4 आणि 0.6! बायनरी अट (फक्त 0 किंवा 1) लावली होती, पण पर्यायांत ‘पूर्णांक अटींकडे दुर्लक्ष करा’ यावर टिक राहिली होती. ती काढली. तिथेच पूर्णांकांसाठीची सूट, म्हणजे सर्वोत्तम उत्तरापासून किती लांब थांबलं तरी चालेल ते, 1 टक्का असते, तीही 0 केली.

खरा वेळ गेला तो पुढे. ‘रेषीयतेची अट पूर्ण होत नाही’ असा संदेश यायचा. मोठ्या पंपाआधी त्याचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तयार हवं, हे मी इफ (‘असं असेल तर’) सूत्राने लिहिलं होतं. सॉल्व्हरमधल्या सिम्प्लेक्स पद्धतीला ते चालत नाही, तिला फक्त सरळ बेरीज-गुणाकाराची (रेषीय) सूत्रं लागतात. त्याऐवजी साधी असमानता लिहिली: एखाद्या तिमाहीपर्यंतची मोठ्या पंपाची बेरीज, आदल्या तिमाहीपर्यंतच्या केसिंगच्या बेरजेपेक्षा जास्त नको. लगेच सुटलं.

पूर्णांक असले की संवेदनशीलता अहवाल, म्हणजे एखादी मर्यादा वाढवली तर किती फायदा होईल ते सांगणारा, मिळत नाही. म्हणून बेंचचे तास आणि डिझायनर थोडे थोडे वाढवून पुन्हा पुन्हा चालवलं. सहाव्या डिझायनरपेक्षा दुसऱ्या बेंचने जास्त मॉडेलं बाहेर पडत होती. साहेबांपुढे तेच कागद ठेवले.