म्हैस विण्याआधी भिंतीवर तारखा लिहा

आधी म्हैस फळवल्याची (रेडा दाखवल्याची किंवा रेतन केल्याची) तारीख शोधा. तिथून साधारण 310 दिवस मोजून कॅलेंडरवर गोल करा. त्या गोलाच्या दोन महिने मागे दूध आटवायचं. आमच्याकडे चहाला हवं म्हणून शेवटपर्यंत पिळत राहतात, मग व्याल्यावर म्हैस हाडं दाखवते आणि माजाचं (पुन्हा फळायच्या ओढीचं) नाव घेत नाही. या दोन महिन्यांत सरकी पेंड, दादर ज्वारीचा कडबा, हिरवा चारा आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. रावेर-यावलकडे केळीची पानं भरपूर, पण त्यांनी पोट भरतं, अंग भरत नाही.

आठवडाभर आधी गोठ्याचा एक कोपरा कोरडा करून चुना मारा. डब्यात टिंचर आयोडीन, साबण, नवं ब्लेड, धुतलेली दोरी, खांद्यापर्यंतचे हातमोजे आणि बॅटरी. घरात गूळ, शेपा, बाजरी. डॉक्टरांचा नंबर दारामागे खडूनं लिहा. रात्री दोनला मोबाइलचा भरवसा नसतो.

व्याल्यावर शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न, "वार पडनी का?" वार म्हणजे पारडामागून पडणारी झार. ती पडेपर्यंत चीक काढायचा नाही, ही समजूत मात्र सोडा. पारडू तासाभरात पाजा. सड ओढले की पान्हा सुटतो, आणि ज्या संप्रेरकानं तो सुटतो त्यानंच गर्भाशय आवळून वार सुटायला मदत होते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. लोंबत्या वारेला चप्पल-दगड बांधू नका. आमच्या एका म्हशीची वार एका जाणत्यानं हात घालून ओढली. तुकडा आत राहिला, आठव्या दिवशी शेपटीला पू चिकटलेला दिसला, आणि ती पुढे वर्षभर उलटत राहिली, म्हणजे फळवूनही गाभण राहिना. पडलेली वार हातमोजे घालून खोल पुरा. म्हैस गाभडली असेल तर जास्तच जपा, सांसर्गिक गर्भपाताचा जंतू माणसालाही धरतो.

पहिले पंधरा दिवस शेपटीखाली रोज बघायचं. लालसर-तपकिरी स्राव कमी होत गेला तर ठीक. घाण वास, पू किंवा खाणं सुटलं तर त्याच दिवशी तपासणी.

गर्भाशय पूर्ववत व्हायला महिना-दीड महिना जातो, म्हणून त्याआधी माज दिसला तरी नुसती तारीख टिपा. साठाव्या दिवसापर्यंत काहीच दिसलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. त्याआधी स्वतःला मात्र विचारा, पहाटे उठून बघितलं का? म्हशीचा माज बहुधा मुका आणि रात्रीचा. गायीसारखी ती ओरडत नाही. बॅटरी धरली की निरणातून (योनीतून) अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी सोट, म्हणजे चिकट स्रावाची तार, लोंबताना दिसते, कधी फक्त शेपटीवर वाळलेली चकचकीत रेघ. एप्रिल-मेच्या उन्हात तेवढंही दिसत नाही. तेव्हा सावली, भरपूर पाणी आणि दिवसातून दोनदा आंघोळ.

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी फळवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मग कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाला खूण करा, त्या पहाटे माज परत आला का ते बघायला पुन्हा बॅटरी घेऊन उठायचं आहे.